घाट उत्तम, आशय तंबाखू

पुस्तकावर अभिप्राय देणे सोपे असते. ते न वाचताही देता येतो. नाटकावर देणे त्याहून सोपे. पहिल्या अंकानंतर बटाटेवडा खाऊन घरी निघून आले तरी 'शेवटच्या अंकात पकड सैल होते' असे बेधडक लिहिता येते, कारण ती नेहमी होतेच. खरी पंचाईत वस्तूवर अभिप्राय देताना होते. वस्तूला प्रस्तावना नसते, मलपृष्ठ नसते. त्यामुळे तिकडची चार वाक्ये इकडे फिरवून वेळ मारून नेता येत नाही. वस्तूकडे खरोखरच बघावे लागते. म्हणूनच असेल, आपल्याकडे कवितेच्या समीक्षकांचे पेव फुटले आहे आणि डब्या-बरण्यांना मात्र एकही समीक्षक लाभलेला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा अधिकार मला कसा पोचतो, असे कुणी विचारील. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेत कारकून. दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्याशेजारी बारीकशी टिक मारायची आणि आकडा चुकला असेल तर त्याभोवती गोल करून तो परत पाठवायचा, हे मी वीस वर्षे करतो आहे. हल्ली टिक संगणकावर मारतात एवढाच फरक. नजर तीच लागते. समीक्षा म्हणजे तरी याहून वेगळे काय असते?

तर आजच्या समीक्षेचा विषय आहे एक पेटी. ती माझ्या मेहुण्याने, म्हणजे सौ.च्या धाकट्या भावाने, न्यू जर्सीत आपल्या हाताने सिद्ध केली आहे. तिचे बारा फोटो, मापे आणि आतल्या हवेचा आठवड्याचा तक्ता त्याने मला पाठवला आणि खाली लिहिले, "भावोजी, परखड अभिप्राय कळवा." परखड अभिप्राय मागणाऱ्याला नेमके काय हवे असते, हे साहित्याच्या गावात चार दिवस राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण मेहुणा बारा हजार किलोमीटरवर आहे. परखडपणाला असे अंतर फार पोषक असते.

आता पेटीविषयी. अमेरिकेत सहलीला किंवा मासे धरायला जाताना लोक बर्फ आणि बाटल्या भरून एक मोठी, जाड भिंतींची प्लॅस्टिकची पेटी गाडीत टाकतात. तिला तिकडे 'कूलर' म्हणतात. विदर्भातल्या वाचकांनी येथे घाई करू नये. वाळ्याची ताटी, तळाशी पाण्याची टाकी आणि पुढे विमानासारखा पंखा, असा जो आपला कूलर, तो हा नव्हे. त्यात सिगार ठेवले तर रात्रीतून त्यांचा काढा होईल. आपल्याकडे या पेटीची जवळची नातलग म्हणजे कोळणीची बर्फाची पेटी. मेहुण्याचा कूलर १२० क्वार्टचा, म्हणजे सुमारे ११३ लिटरचा आहे. एवढ्या जागेला मुंबईत कुणी स्वतंत्र खोलीही म्हणेल. त्यात तो बर्फ ठेवत नाही, सिगार ठेवतो. सिगार जपण्याच्या लाकडी पेटीला 'ह्युमिडॉर' म्हणतात; कूलर आणि ह्युमिडॉर यांचा संकर म्हणून या प्रकाराला तिकडचे शौकीन 'कूलिडॉर' म्हणतात. परिभाषाकोशवाल्यांच्या हाती हा शब्द पडला तर 'शीतार्द्रमंजूषा' होऊन परत येईल, तेव्हा कूलिडॉरच बरा.

सिगारला एवढे जपायचे कशाला? तर सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची गुंडाळी. तिला कागदाचा आडपडदा नसतो. पान आहे, ते भोवतालच्या हवेतला ओलावा घेते आणि सोडते. फार कोरडे झाले तर वरचे पान तडकते आणि सिगार भराभरा, जळजळीत पेटतो. फार ओले झाले तर तो पेटता राहत नाही आणि बुरशी धरते. म्हणून शौकिनांचा सर्वसाधारण नियम असा की हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तपमान १८ ते २१ अंश सेल्सिअस. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेत मुळात वाफ थोडी. ती हवा घरात घेऊन तापवली की वाफ तेवढीच राहते आणि हवेची तहान मात्र वाढते. मग ती माणसांचे ओठ फोडते, खुर्च्यांना कुरकुरायला लावते आणि सिगारवर हात टाकते. आपल्या कोपऱ्यावरचा पानवाला हाच प्रश्न ओल्या लाल फडक्याने सोडवतो. त्याला टक्केवारी येत नाही. पान मात्र टिकते.

रचनेत मेहुण्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. नव्या प्लॅस्टिकला वास असतो आणि तंबाखू, लोण्यासारखीच, शेजारचा वास उचलते. म्हणून त्याने पेटी आधी धुतली, उघडी ठेवून वाळवली आणि मग आत वर्तमानपत्राचे बोळे आणि खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवून आठवडाभर बंद केली. वर्तमानपत्राचा इतका विधायक उपयोग माझ्या पाहण्यात नाही. वितळलेले पाणी सोडण्यासाठी तळाशी बूच असते, ते पक्के बसवले. झाकण नीट बसते की नाही हे पाहायला डॉलरची नोट फटीत धरून ओढली, ती अडली. नोट अडणे हे बँकेतल्या माणसाला शुभलक्षण वाटत नाही, पण इथे ते तसे आहे. मग आत लाकडी तबके बसवली आणि कोपऱ्यात क्षारद्रावणाची पुडकी ठेवली. ही पुडकी हवा कोरडी झाली की ओलावा देतात आणि जास्त झाला की परत घेतात. भरणा आणि उचल एकाच खिडकीवर! काही शौकीन पुडक्यांऐवजी मांजराच्या घाणीसाठी विकतात ते सिलिका जेलचे खडे ऊर्ध्वपातित पाणी शिंपडून वापरतात. आपल्याकडे हे पाणी फक्त इन्व्हर्टर पितो. तिथे सिगारसाठी असते.

पण सर्वांत देखणा भाग मिठाचा. आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र खरे बोलते की नाही, हे ठरवायचे कसे? बाटलीच्या बुचात साधे मीठ घ्यायचे, चार थेंब पाणी घालून त्याचा ओला लगदा करायचा, आणि यंत्रासह घट्ट पिशवीत रात्रभर बंद करायचे. सकाळी पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर आलेली असते. संपृक्त मिठाच्या पाण्यावरची हवा घरातल्या तपमानाला तिथेच स्थिरावते. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चार टक्के कमी बोलते, एवढे ध्यानात ठेवायचे. मीठ सांगलीचे असो की न्यू जर्सीचे, उत्तर बदलत नाही. मिठाला जागणे म्हणजे काय, हे मला या वयात कळले. असा लेखापरीक्षक आमच्या शाखेत आजवर आलेला नाही.

तबकांचे लाकूड 'स्पॅनिश सीडर'चे आहे. या नावात दोन शब्द आहेत आणि दोन्ही खोटे आहेत. हे झाड स्पेनचे नव्हे, मध्य व दक्षिण अमेरिका आणि वेस्ट इंडीजचे. आणि ते सीडरही नव्हे. खरा सीडर म्हणजे आपला देवदार. हे झाड महोगनीच्या कुळातले, ज्या कुळात आपला कडुलिंबही बसतो. तेव्हा पेटीत परदेशी असे फारसे काही नाही. कडुलिंबाचा चुलतभाऊ आहे, मीठ आहे आणि वर्तमानपत्र आहे.

समीक्षकाने कृतीला परंपरेत बसवून दाखवावे लागते. तेही सोपे आहे. मेहुण्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेबनीस होते. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीत खणलेली पेवे प्रसिद्ध आहेत. अरुंद तोंडाचा खोल खड्डा. त्यात हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत प्राणवायू उरत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही, आधी बराच वेळ हवा खेळू देतात. म्हणजे जमिनीच्या पोटातला कूलिडॉरच. आणि या दोन साठवणींचा शत्रूही एकच आहे. तंबाखूचा भुंगेरा म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा आहे. तो सिगारला गोल भोके पाडतो आणि तितक्याच आवडीने हळद, मिरची, धने खातो. तपमान २४-२५ अंशांच्या वर गेले की पानातली अंडी उबायची भीती. म्हणून मेहुणा नवे सिगार आधी तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवतो आणि त्यानंतरच पेटीत त्यांचे खाते उघडतो. बापाने हळद राखली त्याच किड्यापासून मुलगा तंबाखू राखतो आहे. घराण्याची गादी चालवणे म्हणतात ते हेच.

आता वाणिज्य शाखा. मेहुण्याचा मुख्य दावा काटकसरीचा आहे. एवढीच मोठी लाकडी ह्युमिडॉर घेतली असती तर कूलरच्या कितीतरी पट पैसे पडले असते, हे खरे. पण मूळ जमेला त्याच्याकडे सिगार किती होते? पंचवीस. पंचवीस सिगारांना ११३ लिटर जागा! मग शास्त्र असे निघाले की पेटी रिकामी असली तर आतली आर्द्रता चटकन हलते, भरलेली असली की स्थिर राहते. शास्त्र खरे आहे; सिगार स्वतःच ओलावा धरून ठेवतात. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की आता डॉमिनिकन प्रजासत्ताक, निकाराग्वा आणि होंडुरास या तीन देशांतून पेट्या येऊ लागल्या, केवळ हवेच्या स्थैर्यासाठी. कपाट मोठे घेतले की साड्या कमी पडतात, हा सिद्धान्त आमच्या घरी पूर्वीच मांडला गेला आहे; त्याला सौ.च्या माहेरून दुजोरा मिळाला. आणखी एक पेच: गोदामाचा नियम, आधी आलेला माल आधी बाहेर. इथे मुरवण्यासाठी जुना माल आत आणि नवा बाहेर. अशा साठ्याचे मूल्यांकन कोणत्या पद्धतीने करावे, हे आम्हाला बी.कॉम.ला शिकवले नव्हते.

साठा करण्याची हौस मोठमोठ्यांना सुटलेली नाही. १९६२च्या फेब्रुवारीत अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. बंदी लागू होण्याआधी त्यांनी आपले वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांना बोलावून सकाळपर्यंत एक हजार क्यूबन सिगार मिळवायला सांगितले. सॅलिंजर यांनी बाराशे आणले आणि मगच केनेडींनी आदेशावर सही केली. ही हकीकत सॅलिंजर यांनी पुढे स्वतःच लिहिली आहे. 'आधी सही, मग व्यवहार' हा नियम आमच्या कौंटरवर लावलेला असतो. व्हाइट हाउसमध्ये लावलेला नसावा. याच केनेडींना मिल्टन बर्ल या विनोदी नटाने १९६१ साली भेट दिलेली लाकडी ह्युमिडॉर १९९६ साली न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ५,७४,५०० डॉलरला गेली. घेणारे गृहस्थ सिगारच्या शौकाला वाहिलेल्या मासिकाचे प्रकाशक होते. या अभिजात संप्रदायासमोर मेहुण्याची प्लॅस्टिकची पेटी म्हणजे ग्रामीण साहित्य म्हणावे लागेल. आणि खरे सांगायचे तर मला ती जास्त आवडली. लाकूड ओलावा पिते, प्लॅस्टिक पीत नाही. त्यामुळे काम ती अधिक चोख करते. दिसायला साधी, कामाला पक्की.

दोष एकच. कूलर म्हटले तरी ती गार करत नाही. जाड भिंतींतला फोम उष्णता आत येण्याचा वेग कमी करतो, एवढेच. दुपार-रात्रीचा चढउतार तो पचवतो, पण उन्हाळाभर खोली तापलेली राहिली तर पेटीही शेवटी तितकीच तापते आणि भुंगेऱ्याचे फावते.

येथवर घाट झाला. आशयाचे काय? आपल्याकडे ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत आणि वि. स. खांडेकर जीवनासाठी कला, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांवर शाई उडवत. फडक्यांच्या बाजूने पाहिले तर पेटी निर्दोष आहे. खांडेकरांच्या बाजूने झाकण उघडावे लागते. आत तंबाखू आहे.

तंबाखूची हिंदुस्थानातली पहिली समीक्षाही नोंदली गेलेली आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवली. बादशहाने कुतूहलाने दोन झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने मोडता घातला. म्हणाला, आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही. असद बेग म्हणाला, प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते. बादशहाला हा युक्तिवाद पटला. युक्तिवाद असद बेगचाच चांगला होता, निष्कर्ष हकिमाचा बरोबर होता. समीक्षेत असे पुष्कळदा होते. जहांगीराने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. तीही लोकांनी मानली नाही.

मेहुण्याचे म्हणणे असे, की सिगारचा धूर छातीत घेत नाहीत. तोंडात घोळवून सोडून देतात, म्हणून तो तितकासा वाईट नाही. यावर मला विनोद सुचत नाही. सासऱ्यांजवळ ॲल्युमिनियमची एक डबी असे, एका टोकाला तंबाखू, दुसऱ्या टोकाला चुना. तिची आर्द्रता कुणी मोजली नाही. खिशात, पोटाच्या उबेला, चाळीस वर्षे ती उत्तम चालली. त्यांनीही तंबाखू कधी छातीत घेतली नाही. गालात धरली. त्याच गालाचे पुढे ऑपरेशन झाले, तेव्हा हाच मेहुणा पंधरा दिवसांची रजा काढून आला होता आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी उभा होता. सासरे वाचले. भाकरी आता दुधात कुस्करून, एका बाजूने खातात. तोंडात घोळवलेला धूर त्याच गालांना, त्याच जिभेला लागतो; आणि मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आतल्या हवेचा आठवड्याचा तक्ता ठेवणाऱ्या माणसाला हे गणित मी सांगावे असे नाही. ते त्याला येते. त्याने ते दुसऱ्या वहीत ठेवले आहे.

आता निकाल द्यायचा कोणत्या कसोटीवर? माझी कसोटी मी आमच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरातून घेतली आहे. एका वस्तूची दुसरी करणे यात आपण अमेरिकेच्या मागे नाही. डालड्याचा डबा रिकामा झाला की त्याला खाली भोके पाडून त्यात तुळस लावली. हॉर्लिक्सच्या बाटलीत लिंबाचे लोणचे मुरले. श्रीखंडाच्या डब्यांवर तर आमच्या फ्रिजचा संसार उभा आहे. कुठल्या डब्यात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि श्रीखंड कधीच नसते. या सगळ्या रूपांतरांत एक दिशा दिसते. वनस्पती तुपाच्या जागी तुळस आली. नवा आशय जुन्याहून घराला बरा ठरला, निदान वाईट ठरला नाही. मेहुण्याच्या पेटीत दिशा उलटी आहे. मुळात तिच्यात बर्फ, सरबताच्या बाटल्या आणि पोरांची सँडविचे जायची.

तेव्हा अभिप्राय असा. घाट: उत्तम. कारागिरी: उत्तम, विशेषतः मीठ. परंपरेचे भान: चांगले. आशय: नापास. साहित्यात घाट आणि आशय वेगळे काढता येत नाहीत असे विद्वान म्हणतात. पेटीत येतात, झाकण उघडले की झाले. समीक्षकाने लेखकाला आशय सुचवू नये हा संकेत आहे, तो मोडतो. आत बर्फ भरावा, पन्ह्याच्या बाटल्या ठेवाव्यात आणि न्यू जर्सीला समुद्र आहे, तिथे मुलांना घेऊन जावे. पेटीला तंबाखूचा वास राहील, पण त्यावरचा उपाय कर्त्याला ठाऊक आहे: एक वाटी सोडा आणि आठवडाभराची वर्तमानपत्रे.